असिरियन राजवाड्यांच्या भिंती: झिलईदार विटा, शिलापट आणि भित्तिचित्रं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे राजवाडे नेमके कुठे होते आणि कोणत्या काळातले?

आजच्या उत्तर इराकमध्ये, तैग्रिस नदीच्या आसपास, बरेचसे मोसुल शहराच्या पंचक्रोशीत. चार ठिकाणं लक्षात ठेवली की पुढचं समजायला सोपं जातं. अश्शूर ही मूळ राजधानी आणि त्याच नावाच्या देवाचं गाव. अश्शूरनासिरपाल दुसरा (इ.स.पू. ८८३–८५९) याने कारभार काल्हूला हलवला, त्यालाच आज निमरूद म्हणतात. सार्गोन दुसरा याने इ.स.पू. ७१७ मध्ये दूर-शर्रुकिन, म्हणजे आजचं खोर्साबाद, हे कोरं करकरीत शहर बांधायला घेतलं, ७०६ मध्ये तिथे राहायला गेला आणि पुढच्याच वर्षी रणात मारला गेला. त्याचा मुलगा सेनाखेरीब याने ते शहर सोडून निनेव्हेला बस्तान बसवलं. इ.स.पू. ६१२ मध्ये निनेव्हे जळालं आणि राज्यही संपलं. या पानावरचं बहुतेक सगळं त्या अडीच-पावणेतीनशे वर्षांतलं आहे.

भिंती दगडाच्या होत्या की विटांच्या?

मातीच्या. संग्रहालयात दगडी शिल्पं पाहून आलेल्यांचा इथेच गोंधळ होतो. राजवाड्याचा सारा भार उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांवर होता. असिरियनांच्या अक्कादी भाषेत कच्च्या विटेला ‘लिबित्तु’ आणि भाजलेल्या विटेला ‘अगुर्रु’ म्हणत. वीट चौरस असे, बाजू साधारण ३६ ते ४० सेंटिमीटर आणि जाडी १० ते १२ सेंटिमीटर. मातीत चिरलेला पेंढा मिसळायचा, तो नसेल तर वाळताना वीट तडकते. मोठ्या दालनांच्या भिंती कित्येक मीटर जाड असत. विटा पाडायचा महिना ‘सिमानु’, म्हणजे मे-जूनच्या सुमाराचा. पाऊस संपलेला, ऊन कडक. सार्गोनच्या लेखात सिमानुत विटा पाडल्याचा आणि ‘आबू’ महिन्यात (जुलै-ऑगस्टच्या सुमारास) पाया घातल्याचा उल्लेख आहे.

मातीच्या भिंतीचे शत्रू दोन: वरून पडणारं पाणी आणि खालून चढणारी ओल. माणसांचे खांदे, गाड्यांचे आस, जनावरांची शिंगं लागून भिंतीचा खालचा भाग झिजतो तो वेगळाच. असिरियन भिंतीवरची सगळी सजावट या दुखण्यांच्या उपायातून वाढलेली आहे. खाली दगडी पाट्या, मोक्याच्या जागी झिलईदार विटा, उरलेल्या भिंतीला गिलावा आणि रंग. आधी कवच, मग कला.

एकाच भिंतीवर हे सगळं कसं बसवलेलं असे?

महत्त्वाच्या दालनात तळाशी साधारण २.२ ते २.४ मीटर उंचीच्या कोरीव दगडी पाट्या, एकीला एक लावून. त्यांच्यावर मातीचा गिलावा, पांढरा हात आणि रंगीत चित्रांचे पट्टे, थेट छतापर्यंत. छताला देवदाराच्या तुळया. लाकडाच्या लांबीमुळे दालनाची रुंदी १० मीटरच्या आसपासच थांबते. निमरूदच्या वायव्य राजवाड्याचं सिंहासन-दालन सुमारे ४५ मीटर लांब असूनही रुंदीला तेवढंच आहे. दाराच्या दोन्ही अंगांना पंखधारी बैल किंवा सिंह, दाराच्या वर झिलईदार विटा.

साध्या खोल्यांत इतकं काही नसे. खाली काळा पट्टा, वर पांढरी सफेदी. आपल्याकडे जिन्याच्या भिंतीला खाली गडद ऑइलपेंट मारतात ना, हिशेब तोच.

झिलईदार वीट म्हणजे काय आणि ती कशी करत?

भाजलेल्या विटेच्या एका बाजूवर काचेचा पातळ रंगीत थर वितळवून बसवला की झाली झिलईदार वीट. बहुतेक वेळा झिलई विटेच्या अरुंद बाजूवर असे, कारण रांगेत बसल्यावर तीच दर्शनी बाजू असते. भिंतीच्या पोटात ती वीट पूर्ण आकाराची असल्याने पकड पक्की राहते. आजच्या टाइलसारखी ती वरून चिकटवलेली नाही.

कामाचा क्रम असा. चुन्याचं प्रमाण असलेली माती मळून, गाळून साच्यात विटा पाडायच्या. त्या वाळवून एकदा भाजायच्या. मग संपूर्ण चित्राच्या मापाने विटा मांडून त्यांवर आकृती आखायची. एका विटेवर बैलाचं खूर, शेजारच्या विटेवर पोटरी, असं चित्र विटाविटांत तुटतं. प्रत्येक विटेवर जागेची खूण करायची, मांडणी मोडायची, गडद रेषेने आकृतीची कड ओढायची, त्या कुंपणात रंगीत झिलई भरायची आणि विटा पुन्हा भट्टीत घालायच्या. भट्टी सुमारे ९०० ते १००० अंश सेल्सिअसला. शेवटी खुणेबरहुकूम भिंतीत चढवायच्या.

कडेची ती गडद रेषा सुंदर दिसतेच, पण रंग वेगळे राखायलाही ती कामी येते. वितळलेली झिलई पाण्यासारखी पळत नाही, मधासारखी सरकते. मध्ये रेषा नसेल तर पिवळा निळ्यात उतरून हिरवट डाग पडतो.

चुन्याचीच माती का?

क्षारयुक्त झिलई गार होताना खूप आकसते. साधी वीट तेवढी आकसत नाही, मग झिलईवर जाळी पडते आणि ती पोपडे धरते. मातीत चुना बारीक मिसळलेला असला की विटेचं आकसणं झिलईच्या जवळ येतं. मेसोपोटेमियाच्या नदीकाठच्या मातीत चुना मुळातच असतो, ही त्या कारागिरांची जमेची बाजू. मात्र तो बारीकच हवा. चुनखडीचा खडा राहिला तर भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो, नंतर हवेतली ओल पिऊन फुगतो आणि वरची झिलई टवका होऊन उडते.

झिलईत नेमकं काय घालत?

गाभा तीन गोष्टींचा: गारगोटीची पूड, खारट जमिनीत उगवणाऱ्या झुडपांची राख (तिच्यात सोडा असतो) आणि चुना. हीच त्या काळच्या काचेचीही कृती. निनेव्हेला राजा अशुरबनिपालच्या ग्रंथसंग्रहात काच करण्याच्या कृती कोरलेल्या मातीच्या पाट्या सापडल्या. निळ्या काचेसाठीच्या एका कृतीतली मापं अशी: १० मिना ‘इम्मनक्कु’ दगड, १५ मिना ‘नगा’ झुडपाची राख आणि १ पूर्णांक २/३ मिना ‘पांढरी वनस्पती’. एक मिना म्हणजे सुमारे अर्धा किलो, म्हणजे ५ किलो गारगोटीला साडेसात किलो राख. तिन्ही वेगवेगळं दळायचं, एकत्र करायचं, चार ‘डोळ्यांच्या’ भट्टीत तापवायचं, बाहेर काढून गार करायचं आणि पुन्हा दळायचं. जळणही ठरलेलं, साल काढलेलं जाड लाकूड, आबू महिन्यात तोडलेलं, आणि विस्तव धूर न होणारा. भट्टीचा पाया घालायला शुभ महिना पाहायचा, नैवेद्य दाखवायचा, हेही त्याच पाट्यांवर तितक्याच गांभीर्याने लिहिलेलं आहे.

दोनदा तापवण्यामागे कारण आहे. राखेतला सोडा पाण्यात विरघळतो. कच्ची राख कालवून विटेवर लावली तर पाण्याबरोबर सोडा विटेत मुरतो आणि वर नुसती गारगोटीची पूड उरते, ती वितळतच नाही. आधी सगळं भाजून काचेचा गोळा केला आणि तो दळून लावला की हा त्रास नाही.

रंग कशाकशाचे?

पिवळा शिसं आणि अँटिमनी यांच्या संयुगाचा, पांढरा कॅल्शियम आणि अँटिमनीचा. हे दोन्ही रंग झिलईत बारीक कणांच्या रूपात लटकून राहतात, म्हणून अपारदर्शक दिसतात. निळसर-हिरवा तांब्याचा, गडद निळ्यासाठी काही ठिकाणी कोबाल्ट, आणि काळा-तपकिरी मँगनीज व लोखंडाचा. हिरवा बहुधा तांबं आणि पिवळा एकत्र करून. लाल फारसा दिसत नाही. तांब्याचा लाल मिळवायला भट्टीत हवा कोंडावी लागते, आणि तशा हवेत बाकीचे रंग बिघडतात.

निळ्याचा मान मोठा. अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्द रत्नाचा तो रंग होता. अश्शूरनासिरपालच्या मेजवानीच्या शिलालेखात (१० दिवस, ६९,५७४ पाहुणे) दारांवर लाजवर्दी झिलईच्या विटा बसवल्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

अख्खा फलक कुठे टिकला आहे का?

निमरूदच्या शल्मनेसर-किल्ल्यात. १९६२ साली एका अंगणात, दारावरून उपडा कोसळलेल्या अवस्थेत विटांचा ढीग सापडला आणि त्यातून ४.०७ मीटर उंच, २.९१ मीटर रुंद, वर कमानदार असा फलक पुन्हा उभा राहिला. तो बगदादच्या इराक संग्रहालयात आहे. राजा शल्मनेसर तिसरा (इ.स.पू. ८५८–८२४) आरशातल्या प्रतिमेसारखा दोनदा, समोरासमोर, त्यांच्यावर पंख असलेल्या चकतीत अश्शूर देव, वर झाडाच्या दोन्ही बाजूंना बैल, भोवती बोकड, कळ्या आणि ताडपत्रांच्या नक्षीचे पट्टे.

विटा ३०० हून अधिक. ढोबळ हिशेबही त्याच्या आसपासच येतो: ४.०७ मीटरला १२ सेंटिमीटरचे सुमारे ३३–३४ थर, प्रत्येक थरात फार तर ९ विटा, आणि कमानीच्या कोपऱ्यांत वजाबाकी. उपडा पडला हेच त्याचं नशीब. चेहरा जमिनीकडे राहिल्याने पावसाने आणि वाऱ्याने झिलई धुतली नाही.

इतक्या विटा कोणती कुठे हे गवंड्याला कसं कळे?

विटेच्या वरच्या, रांगेत झाकल्या जाणाऱ्या बाजूवर जुळणीच्या खुणा असत, रंगाने किंवा झिलईने काढलेल्या. रेघा, ठिपके, साध्या आकृती. काही खुणा थर सांगतात, काही थरातली जागा. त्या वाचायला लिहिता-वाचता येण्याची गरज नाही, आणि हा शहाणपणाच होता. अश्शूर इथे वॉल्टर आंद्रेच्या जर्मन पथकाने १९०३ ते १९१४ दरम्यान केलेल्या उत्खननातल्या विटांवर अशा खुणा पुष्कळ आढळल्या. बर्लिनमध्ये त्या तुकड्यांची जुळवाजुळव करायला चित्राइतकाच त्यांचाही उपयोग होतो.

खोर्साबादच्या सिंह-गरुड-बैल-अंजीर-नांगर या रांगेचा अर्थ काय?

सार्गोनच्या राजवाड्याला लागून असलेल्या देवळांच्या दारांशी झिलईदार विटांचे बुटके कट्टे आहेत. निळ्या पार्श्वभूमीवर पिवळी चित्रं ठरावीक क्रमाने: सिंह, गरुड, बैल, अंजिराचं झाड, नांगर. कडेला राजा. नुसती शोभा म्हणावी तर हा क्रम पुन्हा पुन्हा तसाच येतो. काही अभ्यासकांच्या मते ही चित्रलिपी आहे आणि ती राजाचं नाव व बिरुदं सांगते; काहींना त्यात नक्षत्रं दिसतात. सार्गोनचा नातू एसरहद्दोन याच्या लेखांतही अशी चित्रचिन्हं येतात, त्यामुळे नावाचा तर्क आम्हाला अधिक पटतो. देवळाच्या दारांशी कच्च्या विटांचे अर्धगोल खांबही होते. शेजारी देवदाराचे सोट उभे करून त्यांना खजुराच्या खोडाच्या खवल्यांसारखा कांस्याचा पत्रा मढवलेला.

कच्च्या विटांतून खांब वळवण्याची ही परंपरा जुनी. तेल अल-रिमाहच्या देवळात, खोर्साबादच्या हजारेक वर्षं आधी, भिंतीला जोडलेले २७७ अर्धखांब होते आणि त्यांतल्या मोठ्यांवर पिळाची किंवा खजूर-खोडाची नक्षी. सगळं मातीत.

बर्लिनमधला निळा इश्तार दरवाजा असिरियन आहे का?

नाही. तो बॅबिलोनचा, नेबुकद्‌नेझर दुसरा (इ.स.पू. ६०४–५६२) याचा, म्हणजे असिरियन राज्य बुडाल्यानंतरचा. ओळखायची खूण सोपी आहे. बॅबिलोनचे सिंह आणि बैल साच्यातून काढलेले, पृष्ठभागावर उठून आलेले. असिरियन चित्र सपाट विटेवर रंगवलेलं.

भिंतीतून बाहेर आलेली ती गोल मुठीची चकती काय आहे?

‘सिक्कतु’, म्हणजे खुंटी. आत वळलेल्या बाजूंची चौकोनी किंवा गोल झिलईदार पाटी आणि मधोमध बाहेर आलेली मूठ. दांडा भिंतीत खुपसलेला. काहींवर राजाचं नाव आणि राजवाड्याचं किंवा देवळाचं नावही असतं. याच जातीचे मातीचे आवळलेल्या मुठीच्या आकाराचे ठोकळेही सापडतात, ते भिंतीत वरच्या बाजूला बसवलेले असत.

शिलापटांचा दगड कोणता?

जिप्सम. ‘मोसुलचा संगमरवर’ हे फक्त बोलीतलं नाव, तो संगमरवर नाही. खाणीतून निघताना मऊ असतो, नखाने ओरखडा पडेल इतका. त्यामुळे दाढीची एकेक बट, झालरीचा एकेक गोंडा कोरता येतो. वजन मात्र हलकं नाही. २.२ मीटर उंच, २ मीटर रुंद, पाव मीटर जाड पाटी सुमारे अडीच टन भरते. सेनाखेरीबच्या निनेव्हेसाठी बलाताई इथल्या खाणीतून दगड आला. त्याच्या एका शिल्पमालेत पंखधारी बैल घसरगाडीवर चढवून दोरखंड आणि तरफांनी ओढतानाची सगळी यातायात कोरलेली आहे.

या दगडाची खोट म्हणजे तो पाण्यात विरघळतो. लिटरभर पाण्यात साधारण २ ते अडीच ग्रॅम. थेंबाथेंबाने शतकानुशतकं पाणी झिरपलं की चेहरे पुसट होतात. दुसरा वैरी आग. दीडशे अंशांपुढे जिप्सममधलं पाणी उडून त्याचा प्लास्टर ऑफ पॅरिससारखा भुगा व्हायला लागतो. निनेव्हेच्या पाट्या तडकलेल्या आणि भुरभुरीत सापडतात त्या ६१२ च्या आगीमुळे.

पाट्या आधी कोरत की बसवून मग?

खडबडीत घडवून आणत आणि बारीक काम भिंतीवर बसवल्यावर करत. पुरावा पाट्यांवरच आहे. पंखाचं पीस किंवा घोड्याची शेपटी सांध्यावरून बिनचूक पुढच्या पाटीवर जाते, आणि काही ठिकाणी काम अर्धवट सोडलेलं दिसतं. बसवताना शेजारच्या दोन पाट्यांच्या माथ्यावर डमरूच्या आकाराची खाच पाडून तीत धातूचा किंवा लाकडाचा पकडा घालत. मागे मातीची भिंत, त्यामुळे ती खचली की पाट्या पुढे झुकतात.

चित्राच्या मधोमध लिहिलेलं का असतं?

अश्शूरनासिरपालच्या राजवाड्यात जवळजवळ प्रत्येक पाटीवर तोच मजकूर आहे: राजाची बिरुदं, जिंकलेले मुलूख, राजवाडा बांधल्याची नोंद. दोन चित्रपट्ट्यांच्या मध्ये, नाहीतर थेट देवदूताच्या कमरेवरून. पाटीच्या मागच्या, भिंतीत कायमच्या झाकलेल्या बाजूवरही लेख कोरलेले आहेत. तो वाचक बहुधा देव, नाहीतर पुढे कधी भिंत पाडून दुरुस्त करणारा राजा.

कोणत्या खोलीत कोणतं चित्र, याला काही नियम होता का?

ढोबळ होता. सिंहासनाच्या मागे पवित्र झाड आणि त्याच्या दोन्ही बाजूंना राजा, वर पंखधारी चकती. म्हणजे शल्मनेसरच्या विटांच्या फलकावरचीच मांडणी. दरबारात येणाऱ्याला दिसेल तिथे वेढे, शरण येणारे राजे, खंडणी. आतल्या खोल्यांत बादली आणि शंकूसारखी वस्तू घेतलेले पंखधारी रक्षक. सेनाखेरीबने आपल्या निनेव्हेच्या राजवाड्याला ‘ज्याला तोड नाही असा’ म्हटलं, आणि ते खणणाऱ्या ऑस्टिन हेन्री लेयार्ड या ब्रिटिश उत्खननकाराने तिथल्या शिल्पांची लांबी जवळपास दोन मैल मोजली. यहूदातल्या लाखीश शहराचा इ.स.पू. ७०१ चा वेढा तिथे एका संपूर्ण खोलीत आहे. अशुरबनिपालच्या उत्तर राजवाड्यातली सिंहांची शिकार (सुमारे इ.स.पू. ६४५ नंतरची, आता ब्रिटिश म्युझियममध्ये) ही या कलेची कमाल. राजाचा चेहरा निर्विकार. सगळी व्यथा मरणाऱ्या सिंहांच्या अंगात.

पंखधारी बैलाला पाच पाय का?

समोरून पाहिलं तर दोन पाय जुळवून उभा, बाजूने पाहिलं तर चार पायांनी चालता. दोन्ही बाजूंनी पूर्ण दिसावा म्हणून पाचवा. सेनाखेरीबच्या निनेव्हेत तो गाळला आणि चारच ठेवले. शिकागोत असलेला खोर्साबादचा बैल सुमारे ४.९ मीटर उंच आणि ४० टनांच्या घरातला आहे.

शिल्पं अशीच करड्या रंगाची होती का?

नव्हती. केस, दाढी, भुवया, बुबुळं काळी, पायताणांवर लाल, काही ठिकाणी निळा. तो निळा म्हणजे ‘इजिप्शियन ब्लू’, तांबं, चुना आणि गारगोटी भाजून केलेली पूड. विशेष प्रकाशात छायाचित्र घेतलं की तो आजही चमकतो, डोळ्यांना दिसेनासा झाला असला तरी. पाटी संपूर्ण रंगवलेली होती की ठरावीक जागाच, यावर मात्र एकमत नाही.

भित्तिचित्रं कशी काढत, आणि ती टिकली कुठे?

पेंढा घातलेला मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा किंवा जिप्समचा पातळ पांढरा हात. तो वाळल्यावर लाल रेघेने कच्चं रेखाटन. फुलांच्या चकत्यांसाठी कर्कटकाने गोल खरवडलेले असतात, जवळून पाहिलं तर मधल्या टोकाचं भोकही दिसतं. मग रंग भरणं, आणि शेवटी काळी कड. लाल गेरूचा, काळा काजळीचा किंवा कोळशाचा, निळा वर सांगितला तोच. ओल्या गिलाव्यावरची ही चित्रं नव्हेत, त्यामुळे रंग पृष्ठभागावरच बसतो आणि ओल्या फडक्याने पुसलं तरी जातो.

मोठे नमुने दोन. सीरियातल्या तेल अहमारला (प्राचीन तिल-बारसिप) फ्रेंच पथकाने १९२९ ते १९३१ मध्ये उघडकीला आणलेली चित्रं, ज्यांच्या पूर्ण आकाराच्या नकला ल्युसियँ काव्हरो याने जागेवरच केल्या. मूळ चित्रांपैकी थोडीच हलवता आली, म्हणून त्या नकलांची किंमत मोठी. दुसरा खोर्साबादच्या ‘के’ वाड्यातला: देवासमोर राजा, खाली-वर निळ्या बैलांचे आणि गुडघे टेकलेल्या पंखधाऱ्यांचे पट्टे, एकूण उंची १२ मीटरांपेक्षा जास्त. तो भिंतीवरून कोसळलेल्या तुकड्यांवरून कागदावर जुळवलेला आहे.

झिलईचे रंग आज फिके किंवा बदललेले का दिसतात?

जमिनीतली ओल झिलईतला सोडा ओढून घेते आणि मागे दुधाळ, पापुद्र्यासारखा थर राहतो. तांब्याचा निळा बऱ्याचदा फिक्कट हिरवा किंवा पांढुरका होतो, पिवळा त्यामानाने टिकतो. त्यामुळे पुस्तकातल्या ‘पिवळ्या-पांढऱ्या’ असिरियन विटा पाहून रंगसंगतीचा निष्कर्ष काढू नये. विटेत मुरलेले क्षार ही दुसरी पीडा. उत्खननानंतर वीट भराभर वाळली तर क्षारांचे स्फटिक झिलईच्या मागे वाढतात आणि तिला ढकलून पाडतात. म्हणून काढलेली वीट सावलीत, हळू वाळवायची असते.

मुंबईत असिरियन शिल्पं आहेत म्हणतात, ती कशी आली?

आहेत. छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात निमरूदचे शिलापट पाहायला मिळतात, त्यांत अश्शूरनासिरपाल दुसरा आणि तिग्लथपिलेसर तिसरा (इ.स.पू. ७४४–७२७) यांच्या राजवाड्यांतले आहेत. ऑस्टिन हेन्री लेयार्डने १८४५ पासून निमरूद खणलं. पेट्या तराफ्यांवरून तैग्रिसने बसऱ्याला आणि तिथून जहाजाने मुंबईमार्गे लंडनला जात. काही पेट्या मुंबईत उघडून लोकांना दाखवल्याही गेल्या. पाहायला जाल तेव्हा पाटीची कड जरूर बघा. वजन कमी करायला त्या काळी पाट्यांच्या पाठी करवतीने कापून टाकत, त्यामुळे जगभरच्या संग्रहालयांत त्या मुळापेक्षा पातळ आहेत आणि मागचे लेख त्यात गेले.

फोर्टमधल्या अग्यारीच्या दारावरचे पंखधारी बैल असिरियन आहेत का?

माणकजी सेठ अग्यारीसारख्या ठिकाणी दिसणारे बैल इराणच्या पर्सेपोलिसवरून घेतलेले आहेत. पर्सेपोलिसच्या कारागिरांनी ती कल्पना असिरियनांकडून उचलली, त्यामुळे नातं आहे, पण आजोबा-नातवाचं.

आज जागेवर काय उरलं आहे?

२०१५ मध्ये इस्लामिक स्टेटने निमरूदच्या वायव्य राजवाड्यात स्फोट केले आणि तिथे उरलेले शिलापट फोडले. तुकडे गोळा करून जुळवण्याचं काम इराकी पुरातत्त्व खातं परदेशी संस्थांच्या मदतीने करत आहे. खोर्साबादच्या एका बैलाचं डोकं १९९० च्या दशकात चोरांनी कापलं होतं, ते नंतर मिळालं. धड पुरलेलं राहिल्याने वाचलं आणि २०२३ मध्ये पुन्हा उघडण्यात आलं. वजन सुमारे १८ टन. निनेव्हेच्या मश्की दरवाज्यात २०२२ मध्ये सेनाखेरीबच्या काळातले कोरीव शिलापट सापडले.

कुंभारकामाच्या स्टुडिओत असा तुकडा करून पाहायचा असेल तर?

करता येतो, फक्त शिसं आणि अँटिमनी वापरू नका, दोन्ही विषारी आहेत. पूर्ण जाडीच्या विटेऐवजी ३ सेंटिमीटर जाडीच्या सपाट पाट्या घ्या. १२ सेंटिमीटरची वीट आतून वाळायला कित्येक आठवडे लागतात आणि ओली राहिली तर भट्टीत फुटते. पहिली भाजणी ९५० अंशांना, सुरुवातीचे १२० अंश अगदी सावकाश.

झिलईला तयार क्षारीय फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) ८७ टक्के, केओलिन (पांढरी चिनी माती) १० टक्के आणि कॉपर कार्बोनेट ३ टक्के घेतलं की निळसर-हिरवा येतो. पिवळ्यासाठी तांब्याऐवजी बाजारातला पिवळा सिरॅमिक स्टेन ८ ते १० टक्के, पांढऱ्यासाठी झिरकॉन १० टक्के. कड ओढायला मँगनीज आणि लोखंडाची ऑक्साइडं, थोड्या फ्रिटसोबत. मँगनीजची पूड हाताळताना मास्क हवाच. दुसरी भाजणी फ्रिटच्या वितळबिंदूप्रमाणे ९५० ते १००० अंशांना, पाटी भट्टीत आडवी आणि झिलई वरच्या अंगाला ठेवून. उभी ठेवली तर रंग रेषा ओलांडून खाली उतरतो. थर दीड मिलिमीटरपेक्षा जाड नको, पातळ झाला तर विटेचा तांबूस रंग वर डोकावतो. गार झाल्यावर बारीक जाळी पडलेली दिसेल. ती अति असेल तर पुढच्या मातीत कापडातून चाळलेली खडूची पूड १० ते १५ टक्के घालून पाहा.